मेलेल्या मालिकांच्या मालकांस, सप्रेम नमस्कार

श्रीयुत प्रॉस्पेक्ट पार्क कंपनीचे मालक आणि समस्त कारभारी मंडळी यांचे सेवेसी,



पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. दोन गेलेल्या मालिकांना आपण हाताला धरून उठवलंत, त्याला दहा वर्षं उलटून गेली. पुढे २०१४च्या मार्चमध्ये आपण स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केलात, त्यामुळे हे पत्र घ्यायला दारात कोणी असेल की नाही, शंकाच आहे. तरी लिहितो. उपकार कोणाचेही असोत, बोलून दाखवावेत असं आमच्याकडे शिकवतात. शिवाय कंपनी बुडाली तरी आपला पंथ बुडालेला नाही. दर चार-दोन वर्षांनी एखादा मालक एखाद्या बंद पडलेल्या मालिकेच्या नावावरची धूळ झटकतो आणि ‘प्रेक्षक डोळ्यांत प्राण आणून वाट बघतायत’ असं सांगत गावभर फिरतो. त्यांनाही हे पत्र दाखवावंत.

मी कोण, असं आपण विचाराल. राहणार पुण्याचा. आपल्या पाइन व्हॅलीशी, म्हणजे ‘ऑल माय चिल्ड्रेन’च्या गावाशी, माझं नातं सोयरिकीचं नाही, शेजाराचंही नाही. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिशवाल्याने स्टारची वायर घरात आणून सोडली आणि तिच्यातून ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ आत आले. इंग्रजी नीट न कळणाऱ्यालाही सगळं कळावं इतका वेळ त्यातली माणसं एकमेकांकडे नुसती बघत उभी राहत. तेव्हापासून या जमातीच्या जन्ममृत्यूकडे माझं लक्ष असतं, एवढंच.

आपल्या आधी एबीसी वाहिनीचे आभार मानायला हवेत. त्यांनी मारलं नसतं तर आपण जिवंत काय केलं असतंत? १४ एप्रिल २०११ या एकाच दिवशी त्यांनी दोन मालिकांची मृत्युपत्रं वाचून दाखवली. ‘ऑल माय चिल्ड्रेन’ ही जानेवारी १९७० पासूनची, ‘वन लाइफ टू लिव्ह’ जुलै १९६८ पासूनची. दोन्ही अ‍ॅग्नेस निक्सन या बाईंनी जन्माला घातलेल्या आणि दोघींचेही दहा हजारांहून जास्त भाग झालेले. त्यांच्या जागी एक स्वयंपाकाचा कार्यक्रम आला आणि एक आयुष्य सुधारण्याचा. आयुष्य सुधारणाऱ्याचं नाव ‘द रेव्होल्यूशन’. ही क्रांती २०१२च्या जानेवारीत आली आणि जुलैत आटोपली. तिला पुन्हा जिवंत करायला मात्र आपल्यापैकी कोणी धावलं नाही. एवढी पारख आपल्याकडे होती, ही समाधानाची गोष्ट आहे.

मालिका बंद होणार म्हटल्यावर ‘हूव्हर’ या व्हॅक्यूम क्लीनरवाल्या कंपनीने निषेध म्हणून एबीसीवरच्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या. दुपारी घरात कोण असतं, काय करत असतं आणि करता करता काय बघत असतं, हे केरकचऱ्याच्या यंत्रवाल्याला ठाऊक होतं. ते आपण त्याला विचारून घेतलं असतंत, तर या पत्राची वेळ आली नसती. पण मग आम्हाला हा आनंदही मिळाला नसता.

२०११च्या जुलैत आपण देवदूतासारखे प्रकट झालात. दोन्ही मालिकांचे हक्क घेतलेत, त्या इंटरनेटवर चालवू म्हणालात. अमेरिकेतल्या मावश्या-आज्यांनी डोळे पुसले. नोव्हेंबरात आपण कळवलंत की जमत नाही. मावश्यांनी पुन्हा डोळ्यांना पदर लावला. मग २०१३ उजाडल्यावर कळवलंत की जमतंय. एकाच गेलेल्या माणसाचं सुतक धरायला, सोडायला आणि परत धरायला लावण्याचा मान आपल्याकडे जातो. आमच्या भटजींनाही या प्रकाराला कोणता विधी लावावा ते सुचलं नसतं.

मधल्या काळात पाइन व्हॅलीत एक गोळी हवेत होती, ती आपल्याला आठवत असेल. २३ सप्टेंबर २०११ला एबीसीवरच्या शेवटच्या भागात भर मेजवानीत जेआर चँडलरने गोळी झाडली आणि पडदा काळा झाला. कोणाला लागली? एकोणीस महिने लोक विचारत होते. आपण २९ एप्रिल २०१३ला पडदा उघडलात, तर गावात पाच वर्षं होऊन गेलेली! त्या मेजवानीतली मारिसा गोळीने केव्हाच गेली होती आणि जेआर पाच वर्षं बेशुद्ध पडून होता. एवढा जीव टांगणीला लावलेला प्रसंग आपण जुन्या उधारीच्या वहीत नोंदवून पान उलटलंत, याबद्दल आपल्या काटकसरीला दाद द्यावी तेवढी थोडी. बघणाऱ्यांचं वय दीड वर्षाने वाढलं होतं, पात्रांचं पाचाने. मुलं तर इतकी झपाट्याने मोठी झाली होती की त्यांच्या आयांनाच त्यांची ओळख करून द्यावी लागावी.

आणि एरिका केन? १९७० पासून ज्या एका बाईसाठी लोक दुपारी जेवणाची ताटं हातात घेऊन टीव्हीसमोर बसत, ती एरिका साकारणारी सुझन लुची आपल्या गावात आलीच नाही. या बाईंचं नाव एमी पुरस्कारासाठी अठरा वेळा पुढे आलं आणि अठरा वेळा त्या रिकाम्या हाताने घरी गेल्या. १९९९ साली एकोणिसाव्या खेपेला मिळाला, तेव्हा सभागृह बराच वेळ उभं राहून टाळ्या वाजवत होतं. असा धीर धरणाऱ्या बाईलाही आपल्याबरोबर यावंसं वाटलं नाही. घर तेच, आडनावं तीच, फक्त ज्या माणसामुळे त्या घराचा पत्ता लोकांना पाठ होता तेवढं नाही. असो. काटकसर म्हणायची.

आता आपल्या मुख्य उपकाराकडे वळतो.

या मालिका कशासाठी होत्या हे आपल्याला कोणी सांगितलं नसावं, म्हणून मी सांगतो. आगाऊपणाबद्दल माफी. अमेरिकेच्या पूर्व भागात एक वाजता ‘ऑल माय चिल्ड्रेन’, दोन वाजता ‘वन लाइफ टू लिव्ह’ आणि तीनला ‘जनरल हॉस्पिटल’. आमच्याकडे दूरदर्शनवर दुपारची ‘शांती’ लागायची तेव्हा जे चित्र होतं तेच तिकडे. जेवणं उरकलेली, मागचं आवरून झालेलं, ओटा पुसलेला, मुलं शाळेतून यायला अवकाश. एक बाई कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि अर्धं लक्ष पडद्याकडे आहे. अर्धंच. या धंद्याचं सगळं भांडवल ते अर्धं लक्ष होतं.

त्या अर्ध्या लक्षासाठी लेखकांनी एक कला घडवली होती. ‘गायडिंग लाइट’ १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, पुढे टीव्हीवर आली आणि २००९पर्यंत चालली. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबणवाल्यांनी ही मालिका पोसली आणि अशा कितीतरी. रेडिओतून आलेल्या माणसांना माहीत होतं की ऐकणारीचे हात ओले आहेत. म्हणून प्रत्येक बातमी दोनदा सांगायची. मंगळवारी आत्याकडे गेलेल्या बाईला गुरुवारी सगळं कळलं पाहिजे. म्हणून कोणीही दारात आलं की आत काय चाललंय ते त्याला नव्याने सांगायचं. लग्न महिनाभर चालायचं, गरोदरपण ऋतूंच्या हिशेबाने, आणि खोलीतून बाहेर जाणारा माणूस दाराशी थांबून मागे वळून बघायचाच. शहाणे समीक्षक याला रटाळ म्हणत. ते शहाणे दुपारी ऑफिसात असत.

आपण हा खजिना उचललात आणि इंटरनेटवरच्या हुलूवर नेऊन ठेवलात, जिथे माणूस कानात बोंडं घालून पूर्ण लक्षाने बघतो आणि कंटाळला की बोटाने पुढे ढकलतो. तासाचा भाग अर्ध्या तासाचा केलात. उसंत काढलीत, उजळणी काढलीत, दाराशी थांबणं काढलंत. वाहिनीचा धाक गेल्यावर माणसांच्या तोंडचे शब्दही थोडे सैल सोडलेत, म्हणजे तरुण मंडळी येतील. तरुण मंडळींकडे त्या वर्षी बघायला इतर बरंच काही होतं. म्हाताऱ्या मंडळींनी मात्र लेकीसुनांना विचारत विचारत, कुठे खातं उघडायचं, पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा, असं करत आपल्यापर्यंत यायचा प्रयत्न केला. त्यांच्या एक वाजण्याला आपल्याकडे काहीच अर्थ नव्हता. कधीही बघा म्हणालात. आणि जे कधीही बघता येतं ते उद्या बघू म्हणून ठेवता येतं, हे आपल्याला कळलं तेव्हा तीन आठवडे झाले होते.

त्या तीन आठवड्यांनंतरचं आपलं निवेदन म्हणजे या सगळ्या व्यवहारातला सोन्याचा तुकडा. आपण प्रत्येक मालिकेचे आठवड्याला चार नवे भाग देत होतात. मग आपल्या ध्यानात आलं की लोक रोजचा भाग रोज बघत नाहीत, साठवून ठेवतात आणि एकदम बघतात. यावर आपण काढलेला तोडगा आमच्या पाणीपुरवठा खात्यालाही सुचला नसता. लोक साठवून ठेवतात ना, मग साठाच निम्मा करू! चाराचे दोन भाग झाले. सोमवार-बुधवार एकीचे, मंगळवार-गुरुवार दुसरीचे. म्हणजे ज्या एका गोष्टीवर ही जात जगते, उद्या काय होणार हे बघायला उद्या यायचं, ती गोष्ट वेळापत्रकातूनच वजा. रोज येणाऱ्या माणसाला एक दिवसाआड ये म्हटलं की तो काही दिवसांनी कधीच येत नाही, हे तर आमच्या पेपरवाल्यालाही कळतं.

हे आपल्याला आधी कळायला हवं होतं असं म्हणणं अन्याय होईल का? १९९५ साल आठवा. ओ. जे. सिम्प्सनच्या खटल्याचं थेट प्रक्षेपण महिनोन्‌महिने चाललं आणि दुपारच्या मालिका वरचेवर बाजूला सारल्या गेल्या. खटला संपला, मालिका परतल्या, बघणारे पुष्कळसे परतले नाहीत. मधल्या महिन्यांत त्यांना कळलं होतं की याशिवायही घड्या घालून होतात. या क्षेत्रात काम करणारा कोणीही ही कहाणी सांगतो. आपण तर पूर्ण दीड वर्ष खंड पडू दिलात आणि वर घड्याळच काढून टाकलंत.

आता न्यायाने बोलायचं तर सगळा दोष आपला नाही, आणि हे मी खवचटपणा बाजूला ठेवून सांगतो. १९८१च्या नोव्हेंबरात ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये ल्यूक आणि लॉराचं लग्न लागलं, तेव्हा तीन कोटी लोक वऱ्हाडी होते. २०११ साली आपल्या दोन मालिकांना प्रत्येकी पंचवीस लाखांच्या आसपास माणसं उरली होती. दुपारी घरात असणाऱ्या बायका नोकरीवर गेल्या, उरलेल्यांना शेकडो वाहिन्या मिळाल्या. ऑप्रा विन्फ्रीबाईंना लोकांनी गळ घातली होती की तुमच्या वाहिनीवर या मालिका वाचवा. त्यांनी २०११ साली चक्क सांगून टाकलं की दिवसा बघायला पुरेशी माणसंच घरी नाहीत. हे बोलल्यानंतर दोन वर्षांनी, २०१३च्या जुलैत, याच बाईंच्या वाहिनीवर आपल्या याच मालिका दहा आठवड्यांसाठी लागल्या. टीव्ही सोडून इंटरनेटवर गेलेली मालिका पुन्हा टीव्हीवर पाहुणी आली. तिथेही कोणी आग्रहाने ठेवून घेतलं नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत दोन्हींचे नवे भाग संपले.

आपल्या कोर्टकचेरीबद्दल न लिहिणं कृतघ्नपणा ठरेल, कारण आपल्या मालिकांपेक्षा तीच जास्त रंगली. मधल्या काळात ‘वन लाइफ टू लिव्ह’मधली तीन माणसं, टॉड, त्याची मुलगी स्टार आणि जॉन मॅकबेन, एबीसीने ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये उसनी नेली होती. स्टारचा प्रियकर आणि तिची छोटी मुलगी त्या परक्या मालिकेत येताच मोटार अपघातात मारली गेली. आपण एबीसीला कोर्टात खेचलंत. आधी अडीच कोटी डॉलर मागितलेत, पुढे आकडा साडेनऊ कोटींवर नेलात. भांडण पात्रांचं होतं, नटांचं नव्हतं. म्हणून ‘जनरल हॉस्पिटल’ने तेच तीन नट ठेवले आणि २०१३च्या मे महिन्यात त्यांना नवी नावं, नवी गोत्रं देऊन परत उभं केलं. प्रेक्षकांनी काल ज्याला टॉड म्हटलं त्याला आज फ्रँको म्हणायचं. त्यांनी म्हटलं. दिवसा बघणारा प्रेक्षक काय काय पचवतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता? असा प्रेक्षक आपल्याला टिकवता आला नाही, तेव्हा आपलं कर्तृत्व लहान नाही.

एकटेपणा वाटून घेऊ नये. आपले थोरले गुरुबंधू इंग्लंडात होऊन गेले. ‘क्रॉसरोड्स’ ही बर्मिंगहॅमजवळच्या एका कल्पित मोटेलची मालिका १९६४ ते १९८८ चालली. ती २००१च्या मार्चमध्ये आयटीव्हीवर कार्ल्टन कंपनीने उठवली. मोटेलचं चकचकीत हॉटेल झालं. जुन्या लोकांना खूश करायला मूळ मालिकेतल्या जिल रिचर्डसनला परत आणलं, आणि थोड्याच महिन्यांत तिच्या जुन्या नवऱ्याकडून, अ‍ॅडम चान्सकडून तिचा खून करवला. चोवीस वर्षं जी बाई पडद्यावर होती, तिला पाहुणचार म्हणून हे. डोरिस ल्यूकचं काम करणाऱ्या कॅथी स्टाफ या ज्येष्ठ बाई मालिकेतला शृंगार बघून लवकरच निघून गेल्या.

मग २००३च्या ३० मे रोजी शेवट. आपण हा पाहिला नसेल तर जरूर पाहावा, आपल्या पंथाचा तो ग्रंथराज आहे. नव्या मालिकेतली हॉटेलची मालकीण एंजल जागी होते आणि कळतं की ती एका सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी बाई आहे. हॉटेल, भानगडी, जिलचा खून, सगळं तिचं स्वप्न. म्हणजे दोन वर्षं आपुलकीने बघणाऱ्यांना जाता जाता मालकांनी सांगितलं की तुम्ही पाहिलंत ते काही झालंच नव्हतं. प्रेक्षकाची समजूत काढण्याचा एवढा मनमोकळा प्रकार आमच्या राजकारण्यांनाही अजून साधलेला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ‘नेबर्स’ची कथा थोडी वेगळी. तिला २०२२च्या जुलैत इतका सुरेख निरोप दिला होता की कायली मिनोग आणि जेसन डोनोव्हनही गल्लीत परत आले. लोक रडले, घरोघर पार्ट्या झाल्या. त्यानंतर चारच महिन्यांत अ‍ॅमेझॉनने सांगितलं की संपलेली नाही. २०२३च्या सप्टेंबरपासून पुन्हा सुरू झाली, २०२५च्या अखेरीला पुन्हा संपली. आपल्यापेक्षा बरी टिकली हे मान्य करायला हवं, कारण तिने आपले सूर, आपली गल्ली आणि पुष्कळशी माणसं तशीच ठेवली. पण एकदा मनापासून रडून झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा त्याच दारात उभं केलं, तर तो चपला काढत नाही.

म्हणून हात जोडून एक विनंती. ‘अनदर वर्ल्ड’ १९९९ साली गेली, ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ २०१०च्या सप्टेंबरात. त्यांचे करारमदार, हक्क, नावं कुठल्याशा कपाटात पडलेली असतील. आपली नजर अधूनमधून तिकडे जात असेल, जाणारच, कारण तयार नाव म्हणजे फुकटची जाहिरात असं आपल्याला वाटतं. ते नाव ज्यांना माहीत आहे त्यांनी त्याच्या जागी गेल्या कित्येक दुपारी दुसरं काहीतरी लावून घेतलंय. काहींनी नातवंडं, काहींनी भिशी, काहींनी नुसती झोप. त्या दुपारची किंमत मोजायची तयारी असेल, रोज, ठरलेल्या वेळी, पाच दिवस, वर्षानुवर्षं, पहिली दोन वर्षं तोट्यात, तरच कपाट उघडावं. नसेल तर कुलूप गंजू द्यावं.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो यापुढे लांबूनच असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक दुपारचा प्रेक्षक

ता. क. : ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ २०२२च्या सप्टेंबरात एनबीसीवरून पीकॉकवर गेली. मध्ये न थांबता, न मरता, आठवड्याचे पाच दिवस तसेच ठेवून. चालली आहे. आणि २०२५च्या फेब्रुवारीत सीबीएसने दुपारी दोन वाजता ‘बियाँड द गेट्स’ नावाची कोरी मालिका सुरू केली, वॉशिंग्टनजवळच्या एका श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंबाची. अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांवर १९९९च्या ‘पॅशन्स’नंतर दुपारची ही पहिलीच नवी. माणसं नवी, घर नवं, कोणालाही थडग्यातून काढलेलं नाही. ती अजून जिवंत आहे, तरी तिच्या हक्कांची चौकशी एवढ्यात करू नये.